उष्टं पाणी

१

दोष पंजाबरावांचा होता. तो कोणाशी वाटून घ्यायची गरज नाही. पुढे नातेवाईक म्हणाले, मोबाइल पाहून पाहून आजकालच्या पोट्ट्यांच्या माना जातात. कोणी म्हणालं, नशीब. नितेशच्या बापानं तर सवयीनं पोरालाच धरलं. मोठ्या माणसाला वाचवायला सगळे नेहमीच तयार असतात. पण दोष पंजाबरावांचा, आणि तो त्यांना कळला असेल तर त्यांनी तो मिशीतल्या मिशीत पचवला.

पंजाबराव म्हणजे नितेशचे मोठेबाबा, बापाचे थोरले भाऊ. जन्मभर सरकारी खुर्ची गरम करून निवृत्त झाले, हाताखाली हुकूम ऐकायला कोणी उरलं नाही, म्हणून झाडांवर साहेबगिरी करू लागले. अमरावतीत राजापेठेत त्यांचं घर. खाली भाड्यानं दिलेली शिकवणी, मधल्या मजल्यावर राहणं, वर गच्ची, आणि गच्चीभर बोन्साय. रानात ज्या चिंचेखाली गुरांचा कळप बसतो ती चिंच इथे ताटाएवढ्या कुंडीत उभी. शहरात अशा निवृत्तांचं एक मंडळच होतं आणि पंजाबराव त्याचे अध्यक्ष. फांदीला तार गुंडाळायची, मुळं छाटायची, वाढेल तिथे खुडायचं, आणि वर्षातून एकदा हॉल घेऊन लोकांना दाखवायचं की पाहा, कसं वळण लावलं.

नितेशलाही वळण लावायलाच इथे पाठवलं होतं. इंजिनिअरिंग त्यानं तिसऱ्या वर्षाला सोडलं. शिकवणारे सर पुस्तक समोर धरून वाचून दाखवायचे. नितेशनं वर्गात उभं राहून सांगितलं, "सर, वाचता मलेही येते." त्यानंतर त्याचं तिथं फार दिवस जमलं नाही. बार्शीटाकळीहून बाप आला, पेटी उचलली आणि त्याला थोरल्या भावाच्या दारात उभं केलं. "इथं राह्य. माणसात येशील."

पोराच्या हातात लाकूड मात्र होतं. जुन्या घरांच्या चौकटी फोडून निघालेलं सागवान, बाभळीचे तुकडे. त्याच्या रंध्याखालून निघाले की त्यांना हात लावून पाहावासा वाटे. मोठेबाबांनी त्याला झाडांखालचे चौरंग आणि पाट करायला बसवलं. नितेशनं ते मान्य केलं ते एकाच हिशोबानं. अकोल्यात त्याचा हॉस्टेलचा दोस्त संघपाल लाकडी फर्निचरचं वर्कशॉप उभं करत होता. शेड झालं होतं, मशीन येणार होती, आणि भागीदार म्हणून त्याला नितेशच पाहिजे होता. मंडळाचं प्रदर्शन झालं की नितेश अकोल्याला जाणार. हे त्यानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

"जाशील, जाशील," मोठेबाबा म्हणाले. "आधी चहा घे."

त्यांचा चहा असा: कपातला अर्धा ते स्वतः मोठ्यानं फुरका मारत पीत. उरलेला बशीत ओतत आणि एका बोटानं बशी समोरच्याकडे सरकवत. त्या घरात नवा चहा कोणालाच नसे. मोठी आई, म्हणजे गोदाबाई, अजून त्यांच्या उष्ट्या ताटात जेवत. नितेशला किळस यायची. पण नाही म्हटलं तर संस्कारांवर जे प्रवचन सुरू होई ते ऐकण्यापेक्षा बशी रिकामी करणं सोपं होतं. तो रोज बशी रिकामी करत होता.

२

झाड एकटं मांडायचं नसतं, हे मंडळाचं पहिलं शास्त्र. मोठ्या झाडाशेजारी एक बारकं रोप ठेवायचं. ते म्हणजे जोड. चिंचेला केन्याची जोड, पळसाला कुसळी गवताची, उंबराला ओल्या भिंतीवरच्या नेच्याची. झाड उंच चौरंगावर, जोड जमिनीलगतच्या पातळ पाटावर. झाडाची कुंडी मातकट असली तर जोडीची निळी किंवा हिरवट, हातानं घडवलेली, मुठीत मावेल एवढी. रोपानं झाडाचा मुलूख आणि ऋतू सांगायचा, आणि स्वतः लहान राहायचं. जोड लहान राहिली तरच झाड मोठं दिसतं. हे वाक्य मोठेबाबा प्रत्येक पाहुण्याला ऐकवत आणि ऐकवताना गोदाबाईंकडे पाहत.

एवढ्यावर थांबले असते तर तो नुसता म्हाताऱ्यांचा चाळा होता. पण मोठेबाबांची स्वतःची एक रीत होती. जोडीला ताजं पाणी द्यायचं नाही. झाडाला पाणी घालायचं, खालच्या भोकातून ते निथळून ताटलीत जमायचं, आणि तेच जोडीला पाजायचं.

"उष्टं पिलं का ते रोप त्या झाडाचं होते," ते म्हणत. "मग त्याले दुसरं काही नको वाटत."

"त्यात खत उतरत असन, मोठेबाबा. दुसरं काय?"

"तू इंजिनिअर ना. अर्धा."

असे टोमणे मारायला ते कधी चुकत नसत.

गच्चीच्या उत्तरेला एक खोली होती. तिच्यात या सगळ्यांचा बाप, म्हणजे सर्वांत जुना वड. मोठेबाबांच्या वडिलांनी लावलेला. खोड चांदीसारखं पांढरं, वर एकही पान नाही. पाहुणे म्हणत, वा, काय मुरलेलं झाड आहे. पान का नाही, असं विचारायची कोणाची छाती नव्हती, अध्यक्षांचं झाड. त्या वडाशेजारी मात्र काहीच नव्हतं.

"याले जोड नाही का?" नितेशनं एकदा विचारलं.

"हाय ना," मोठेबाबा म्हणाले आणि पाण्याचा तांब्या घेऊन आत गेले. दार त्यांनी आतून लोटलं.

थोड्या वेळानं आतून फुरक्याचा आवाज आला. नितेशला वाटलं, चहा वर घेऊन गेले असतील.

३

कुंड्या मूर्तिजापूरची पौर्णिमा करायची. घरामागे तिची छोटी भट्टी होती. चाक न वापरता बोटांनी दाबून दाबून ती कुंडी उभी करायची, आणि तोंडानं नितेशपेक्षा सवाई होती. प्रदर्शनाआधी नवा माल घेऊन ती गच्चीवर आली आणि जुन्या मांडणीकडे पाहून कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काय रे, माझ्या कुंड्या वाकड्या काहून दिसून राहिल्या?"

"वाकड्या केल्या असतीन."

"माझी कुंडी वाकडी नाई. तुयाच पाट वाकडा."

नितेशनं चिडून लेव्हल आणली. पाटावर ठेवली. बुडबुडा बरोबर मधोमध. मग कुंडीच्या काठावर ठेवली. बुडबुडा पळून एका टोकाला.

"पाह्य," तो म्हणाला.

पौर्णिमानं कुंडी उचलली, उलटी केली, बुडावरून अंगठा फिरवला. मग दुसरी उचलली. मग चिंचेची, मग पळसाची. "भाजलेली माती हाय," ती शेवटी म्हणाली. "भाजल्यावर माती वाकत नाई रे. फुटते. वाकत नाई."

नितेशनं मग रोपांकडे नीट पाहिलं. थंडीचे दिवस, ऊन दक्षिणेकडून पडत होतं. रोपांनी दक्षिणेला झुकायला पाहिजे. चिंचेचा केना पश्चिमेला झुकला होता, कारण चिंच त्याच्या पश्चिमेला होती. कुसळी पळसाकडे. नेचं उंबराकडे. एकूण एक जोड उन्हाकडे पाठ करून आपापल्या झाडाकडे कलली होती, आणि ज्या मातीत ती उभी होती ती भाजलेली मातीही तिच्याबरोबर कलली होती.

"मोठेबाबा रोज फिरवत असतीन कुंड्या," नितेश म्हणाला. आपला आवाज आपल्यालाच खोटा वाटतोय हे त्याला कळलं.

त्यानं चिंच उचलून केन्याच्या दुसऱ्या बाजूला ठेवली. दोघं टाकीच्या सावलीत बसून पौर्णिमानं आणलेले चणे खात राहिले. खाली शिकवणीत पोरं एका सुरात सूत्रं घोकत होती. कोणी गच्चीवर आलं नाही, कोणी कशाला हात लावला नाही. चणे संपले तेव्हा केना पूर्वेला झुकलेला होता. त्याला हलताना दोघांपैकी कोणीही पाहिलं नव्हतं.

पौर्णिमानं नवा माल परत पिशवीत भरला. "मोठेबाबाले सांग, यावर्षी भट्टी बिघडली म्हणून," ती म्हणाली. जिन्यात थांबून तिनं नितेशकडे पाहिलं, काही बोलणार होती, पण नुसती आपली मान दोनदा सरळ करून दाखवली आणि गेली.

४

नितेश मूर्ख नव्हता, म्हणून त्याला कारणं सुचत गेली. पाट लेव्हलमध्ये असला तरी खालची फरशी तापते, निवते. रोपं उन्हाकडेच वळतात असं नाही, काही सावलीकडेही वळतात. चणे खाताना वेळ किती गेला कोणी पाहिलं होतं? अशी कारणं जमवत तो स्वयंपाकघरात पाणी प्यायला आला.

गोदाबाई भाकरी थापत होत्या. मान डावीकडे कललेली. ती त्यांची ठेवणच होती. घरात आल्यापासून नितेशनं त्यांना असंच पाहिलं होतं, डोक्यावर पदर आणि मान एका खांद्याकडे. बाई शालीन दिसते, असं मोठेबाबा अभिमानानं सांगत.

डावीकडे भिंत होती. भिंतीपलीकडे बैठक, आणि बैठकीत मोठेबाबा मंडळाच्या कोणाला तरी फोनवर झापत होते. मग त्यांचा आवाज हलला. ते बोलत बोलत बाल्कनीत गेले. बाल्कनी उजव्या बाजूला.

गोदाबाईंची मान हळूच उजवीकडे कलली. हात भाकरीवर तसेच थापत राहिले.

नितेशच्या हातातलं पाणी हातातच राहिलं. मोठेबाबा परत बैठकीत आले. मान परत डावीकडे. मधे वीत-दीड वीत जाडीची भिंत, आणि गोदाबाईंना एका कानानं जवळजवळ ऐकू येत नाही, आवाज कोणत्या बाजूनं आला ते कळत नाही, हे सगळ्या घराला माहीत.

"मोठी आई, मान दुखते का तुमची?"

"नाई रे बाप्पा. काहून?"

"सरळ करून पाहा बरं."

गोदाबाई हसल्या. "सरळच त हाय," त्या म्हणाल्या. आणि मग, भाकरी तव्यावर टाकता टाकता, अगदी साध्या आवाजात: "लग्न झालं तवा मलेही वाकडं वाटे. मग सगळं घर सरळ झालं."

नितेशनं त्याच संध्याकाळी संघपालला फोन केला. प्रदर्शन गेलं खड्ड्यात, मी उद्याच येतो.

मोठेबाबा रागावले नाहीत. वडाच्या जोडीसाठी यंदा एक पाट पाहिजे होता, तेवढा करून जा, म्हणाले. पातळ, रुंद. रोप कोणतं आहे ते त्यांनी सांगितलं नाही. पाट जरा जास्तच रुंद सांगितला होता, त्यावर माणूस मांडी घालून बसला असता. नितेशनं पाट केला, हत्यारं पिशवीत भरली. निघताना बशी सरकवली गेली. आता शेवटचंच तर आहे, असं म्हणून त्यानं ती रिकामी केली.

५

अकोल्यात रेल्वेलाइनपलीकडे टिनाचं शेड होतं. संघपालचे वडील धर्मपाल यांनी बाहेर रंगवायला माणूस बसवला होता, आत मशीन बसली होती, आणि पहिलं काम हातात होतं: एका वाचनालयाचे रॅक. नितेशनं आल्या आल्या लाकडाचा वास छातीभर घेतला. इथे कोणी त्याला वळण लावणार नव्हतं.

दोन रॅक उभे झाले तेव्हा संघपाल लांब जाऊन उभा राहिला.

"भाऊ, हे काय करून राहिला?"

"काय झालं?"

"सगळं कललं ना बे एका अंगाला. पुस्तकं ठेवली का घसरतीन."

"सरळ हाय. डोळे तपास."

संघपालनं लेव्हल ठेवली. बुडबुडा टोकाला. नितेशला हसू आलं. "लेव्हल खराब हाय तुयी." संघपालनं ओळंबा सोडला. दोरी लटकली, आणि नितेशला ती दोरी तिरपी दिसली. हवेत लटकलेली, खाली वजन असलेली दोरी, तिरपी. त्याला कळत होतं की असं होत नसतं. पण डोळ्यांना ती तिरपीच दिसत होती, आणि रॅक सरळ.

"तू असा काहून उभा हाय पण?" संघपाल म्हणाला.

"कसा?"

संघपालनं मोबाइलवर फोटो काढून दाखवला. फोटोतला नितेश मान एका खांद्यावर टाकून उभा होता, कोणाचं तरी बोलणं मन लावून ऐकत असल्यासारखा. त्यानं जागा बदलून, तोंड फिरवून फोटो काढायला लावले. तोंड कोणत्याही बाजूला असो, मान पूर्वेकडेच. पूर्वेला रेल्वेलाइन, तिच्यापुढे मूर्तिजापूर, आणि त्याच्याही पुढे अमरावती.

हाडांच्या डॉक्टरनं एक्स-रे उजेडावर धरला, म्हणाला मान उत्तम आहे, उशी बदला. संघपालनं गादीच बदलून दिली. सकाळी तो नितेशला उठवायला आला तेव्हा नितेश गादीवर नव्हता. शेडच्या पूर्वेच्या टिनाला गाल लावून झोपला होता.

"हे पाह्य," संघपाल म्हणाला, आणि त्याच्या आवाजात पहिल्यांदाच दोस्त नव्हता, धंदा होता. "बाबानं सगळी जमा याच्यात घातली. हे रॅक मले फोडून पुन्हा करा लागतीन. तू जे काय हाय ते नीट करून ये. मी थांबतो. पण लय नाई थांबू शकत."

६

भर दुपारी नितेश राजापेठेत उतरला. टू-व्हीलरच्या गर्दीतून घराकडे चालताना त्याला लाजिरवाणी गोष्ट जाणवली: मान दुखायची थांबली होती. दुखत होती हे तोवर कळलंही नव्हतं.

गोदाबाई म्हणाल्या, "वर हायेत." त्या वरच्या दिशेला कललेल्या होत्या, तेव्हा सांगायची गरजच नव्हती.

तो आवाज न करता जिना चढला आणि पाण्याच्या टाकीआड उभा राहिला. उत्तरेच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. आत मोठेबाबा त्या पांढऱ्या वडाला तांब्यानं पाणी घालत होते. कुंडीखाली त्यांनी चहाचं पातेलं धरलं होतं. पाणी निथळलं. त्यांनी ओंजळभर घेऊन देवाचं तीर्थ प्यावं तसं प्यायलं, उरलेलं पातेल्यात राहू दिलं, आणि पातेलं घेऊन चहा करायला खाली निघाले. नितेशजवळून जाताना त्यांची ती ताठ, अध्यक्षाची, कोणापुढे न वाकलेली मान त्यानं मागून पाहिली. ते पुढे जात होते आणि मान मागे, त्या खोलीकडे, कललेली होती. एवढी वर्षं लोक तिला रुबाब म्हणत होते.

मग मोठेबाबा स्वतः कोणाची जोड होते ते कळायला इंजिनिअरिंग पूर्ण करायची गरज नव्हती.

नितेशला भयंकर राग आला, आणि रागात त्याला बरं वाटलं. एका वाळक्या लाकडाचं उष्टं पाणी पिऊन हे लोक जन्मभर वाकडे राहिले आणि दुसऱ्यांना वळण लावत सुटले! तो आत गेला आणि वड बुंध्याशी धरून उपटला. काहीच जोर लागला नाही. झाड हातात आलं. त्याला मुळं नव्हती. बुंधा खाली गुळगुळीत कापलेला, गंजलेल्या, हात लागताच तुटलेल्या तारेनं कुंडीला बांधून उभा ठेवलेला. झाड कधीच मेलं होतं.

कुंडीत माती होती. नुकतं तांब्यानं पाणी घातलेली माती कोरडी ठाक. तांब्यात थोडं पाणी उरलं होतं. का, ते त्याला पुढेही सांगता आलं नाही, पण त्यानं ते ओतलं.

फुरका ऐकू आला. मोठा, निवांत, गरम बशीतून घ्यावा तसा.

नितेशच्या डोक्यात तेव्हाही कारणं चाललीच होती. मातीत भोक असेल. हवा आत ओढली जात असेल. मग त्याला दिसलं की तो कुंडीवर ओणवा झालाय आणि आपण कधी वाकलो हे त्याला आठवत नाही. खाली शिकवणीत सूत्रं घोकणं एकाएकी थांबलं, सर काहीतरी पुसत असतील. त्या शांततेत चौरंगामागून, भिंत आणि चौरंग यांच्यामधल्या जागेतून, जिथे मांजरही बसलं नसतं, दोन हात पुढे आले. मनगटापर्यंत. म्हाताऱ्याचे, नखांत काळी माती असलेले. त्यांत बशी होती. हातांनी ती त्यानं केलेल्या त्या रुंद पाटावर ठेवली आणि एका बोटानं त्याच्याकडे सरकवली.

"नितेश!" खालून मोठेबाबांची हाक आली. "आला का रे? चहा झाला!"

म्हणजे हात त्यांचे नव्हते.

पळायला दार उघडं होतं. सरांना तोंडावर बोलणारा, बापापुढे न झुकलेला, साऱ्या म्हाताऱ्यांना जोड्यानं मारावं असं म्हणणारा हा पोट्टा. त्यानं पाटावर मांडी घातली, दोन्ही हातांनी बशी उचलली आणि रिकामी केली. घरात मोठ्या माणसानं बशी पुढे केली की घ्यायची, एवढं वळण त्याला एव्हाना लागलं होतं.

७

तो अकोल्याला परत गेला नाही असं नाही. गेला, दोनदा. दुसऱ्या वेळी संघपालनं त्याला मशीनजवळ येऊ दिलं नाही, बोटं जातील म्हणाला.

प्रदर्शन थाटात झालं. मोठेबाबांच्या, पुन्हा तारेनं बांधलेल्या वडासमोर सर्वांत जास्त गर्दी होती. शेजारच्या रुंद पाटावर काहीच ठेवलेलं नव्हतं, पण त्याच्यामागे दिवसभर एक पोरगा उभा होता, पाहुण्यांना पाणी देत होता, आणि म्हातारे एकमेकांना सांगत होते की पंजाबरावांनी पुतण्याला काय सुधारलं. मोठेबाबा खुशीत होते. त्यांची मान त्या दिवशी, लग्नाच्या फोटोत असेल तशी, सरळ होती. त्यांच्या जागी वडाला दुसरा माणूस मिळाला होता.

संघपालनं पुढच्या महिन्यात खामगावकडचा एक मिस्त्री भागीदार घेतला.

नितेश राजापेठेतच राहतो. त्याला सरळ रेघ दिसत नाही. लाकूड कापणं हे एकच काम त्याला येत होतं, ते आता येत नाही.